जखऱ्याची ओली पाटी

करुणाबाईंचं नाव आधी लिहिते. मागाहून लिहू म्हटलं तर मी घाबरून भलतंच काहीतरी लिहीत बसेन आणि जिच्यासाठी लिहायला बसले तीच राहून जाईल. माझं नेहमी असंच होतं. मिरच्या आणायला बाजारात जाते आणि कोथिंबीर, लसूण, लिंबं घेऊन परत येते. तर, करुणाबाई. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. औरंगाबादच्या छावणीत चर्चच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, घराच्या पाठीमागं रांगेनं तीन खोल्या आणि त्यातली शेवटची माझी. त्यांनी मला लिहायला शिकवलं. दाढी लावून शिकवलं. म्हणजे दाढी मला होती, त्यांना नव्हे.

आता काय झालं ते सांगते.

डिसेंबर लागला की या गल्लीत आधी चांदण्या येतात. यंदाही आल्या. समोरच्या घरानं काल लाल कागदाची टांगली. आत बल्ब आहे, पण दिवसा ती नुसती कागदाचीच असते, वाऱ्यानं भिंतीवर आपटत राहते. पेरूची गाडी कोपऱ्यावर उभी राहते आणि गाडीवाले चाचा चिरलेल्या पेरूला इतकं तिखटमीठ लावतात की थंडीतही नाक वाहतं. ऊन ओट्यावर दहापर्यंत रेंगाळतं, मग कुणीतरी हाक मारल्यासारखं उठून जातं. मुलींच्या ज्या वसतिगृहात मी पोळ्या करते ते या दिवसांत रिकामं होत जातं. परीक्षा संपल्या की मुली बॅगा ओढत निघतात, कुणी गंगापूरला, कुणी पिशोरला, कुणी जालन्याच्या वाटेनं. जाताना एखादी स्वयंपाकघरात डोकावते.

"मावशी, तुम्ही नाय जाणार गावाला?"

"जाईन की."

"कधी?"

"अगं, आधी तुमची भांडी तर घासून होऊ दे."

ती हसते आणि जाते. दीडशे पोळ्यांची कणीक तिंबणारे हात एकदम वीस पोळ्यांवर येतात. उरलेला दिवस हातांना काही सुचत नाही. मी ओटा पुसते, पुसलेला ओटा पुन्हा पुसते, गॅस बंद आहे का ते तीनदा बघते. गाव किनवटच्याही पलीकडं, सागाच्या रानाला लागून. तिथं भाऊ आहे, भावजय आहे. गेलं की पहिला दिवस बरा जातो, दुसराही जातो. तिसऱ्या दिवशी भावजय चहा देता देता विचारते, "वन्सं, परतीची गाडी कवाची हाय?" वाईट मनानं विचारत नाही. पण मग मी परतीच्या गाडीनं परत येते.

ज्या डिसेंबरची ही गोष्ट आहे तो माझा इथला पहिला. सात वर्षं झाली. सासर सोडून आले होते. का सोडलं ते इथं लिहीत नाही, लिहिण्यासारखं नाही. गावची एक बाई वसतिगृहात कामाला होती, तिनं मला आणलं, रेक्टरबाईंपुढं उभं केलं आणि महिन्याभरात तिच्या मुलाचं लग्न ठरलं म्हणून ती स्वतःच गावी निघून गेली. मी राहिले. रेक्टरबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "शाळा किती झालीय?" मी म्हटलं, "सातवी." खरं म्हणजे चौथीत असताना आई आजारी पडली, धाकटी बहीण कडेवर आली आणि शाळा तिथंच राहिली. चौथीची ती सातवी झाली ती माझ्या तोंडून कशी झाली, मला अजून कळत नाही. वाटलं, तीन इयत्तांनी कुणाचं काय बिघडतं. पण बोलून झाल्यापासून ती सातवी माझ्या मानगुटीवर बसली. कुणी कागद पुढं केला की मी कणकेचे हात पुढं करायचे. हिला वाचता येत नाही हे उघड झालं तर काम जाणार, काम गेलं की खोली जाणार, खोली गेली की भावजयीचा चहा. माझं भिण्याचं गणित असं सरळ असतं.

वाचता अगदीच येत नव्हतं असं नाही. अक्षर अक्षर लावत यायचं. पण शब्दाच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायची.

अशात एका दुपारी करुणाबाई माझ्या दारात आल्या. हातात एक लांबट वही. मला वाटलं खोलीचं काही चुकलं. नळ टपकत ठेवला, नाहीतर कपडे त्यांच्या दोरीवर वाळत घातले.

"मालन, तू उंच आहेस," त्या म्हणाल्या.

मी घाबरून थोडी वाकले.

"वाकू नको. आमच्या महिला संघाचं नाताळचं नाटक आहे. दरवर्षी मीच लिहिते. छोटं असतं, वीस मिनिटांचं, हसायचं. एक बाई कमी पडतेय, तिचं बाळंतपण आलं. तू ये."

"बाई, मी तुमच्यातली नाय."

"माहितीय की. नाटकातला म्हातारा पण आमच्यातला नव्हता, यहुदी होता. त्याला घेतलंच ना?"

मी हो म्हटलं. चाळीस वर्षं मुलांना गप्प करून करून त्यांचा आवाज असा झाला होता की त्या "चहा घे" म्हणाल्या तरी माणूस उभा राहून घ्यायचा.

तालीम चर्चच्या मागच्या हॉलमध्ये चालायची, दुपारी तीन ते पाच, माझ्या दोन वेळच्या पोळ्यांच्या मधल्या वेळात. सतरंजीवर गोल करून सात-आठ बाया. पत्र्याखाली चिमण्या. कुणी भाजी निवडायला सोबत आणलेली, कुणाच्या मांडीवर नातू. बायकाच सगळे पुरुष होणार, हा त्यांचा रिवाज. मागच्या वर्षी पाळकीणबाई, म्हणजे चर्चच्या पाळकसाहेबांची बायको, माशानं गिळलेला योना झाली होती आणि मासा म्हणून आणलेल्या गादीच्या खोळीत अडकून बसली होती, हे मला तीन जणींनी तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा पाळकीणबाईच सगळ्यात जास्त हसली. मी कोपऱ्यात बसून हसू की नको ते बघत होते. हसणाऱ्या घोळक्यात नवीन माणसाला जितकं एकटं वाटतं तितकं रिकाम्या खोलीतही वाटत नाही. रिकाम्या खोलीत निदान तोंड कसं ठेवायचं याची चिंता नसते.

मग वही फिरू लागली. जिचं वाक्य येईल तिनं वाचायचं आणि पुढचीला द्यायची. मला शेजारणीचं काम होतं. वही चौथीकडं आली, तिसरीकडं आली. माझ्या कानात चिमण्यांचा आवाज मोठा मोठा व्हायला लागला. शेजारच्या सुवार्ता सिस्टरनं वही माझ्या मांडीवर ठेवली. ही एका दवाखान्यात नर्स, बोलायला लई फटकळ, मनानं लोणी. वहीतली ओळ मला दिसली. सगळी अक्षरं दिसली. एकही जुळेना.

"चष्मा आणला नाय," मी म्हटलं.

माझ्याजवळ चष्मा नव्हताच कधी. सुवार्ता सिस्टर म्हणाली, "हौ ताई, होतं असं, मैं पढती," आणि तिनं माझी वाक्यं वाचून टाकली. मी मान वर केली तर करुणाबाई माझ्याकडं बघत होत्या. नुसत्या बघत होत्या. शिकवणाऱ्या बाईची नजर वेगळी असते. पाटी कोरी का आहे हे तिला पाटी न बघता कळतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कामं बदलली. "मालन जखऱ्या होईल," म्हणाल्या. "उंच आहे, दाढी शोभेल. शेजारीण मीच होते, मला नाहीतरी दुसऱ्यांच्या घरात डोकावायची सवय आहे."

जखऱ्या कोण हे मला माहीत नव्हतं. सुवार्ता सिस्टरनं मला ओट्यावर बसवून सांगितलं. देवळातला म्हातारा याजक, म्हणजे पुजारी. त्याला मूलबाळ नाही, बायको अलीशिबा, तीही म्हातारी. एक दिवस देवदूत येऊन म्हणतो, तुला मुलगा होणार, त्याचं नाव योहान ठेव. म्हातारा म्हणतो, आता? या वयात? कशावरून? देवदूताला राग येतो. विश्वास नाही ना, मग मूल होईपर्यंत तुझी वाचा बंद. आणि म्हातारा मुका होतो.

"मुका?" मी विचारलं.

"एकदम. नऊ महिने."

मला इतकं हायसं वाटलं की मी तिला माझ्या डब्यातले दोन शेंगदाण्याचे लाडू देऊन टाकले. सुरुवातीचं एकच वाक्य, "या वयात? थट्टा करता का गरिबाची?" आणि मग सगळं गप्प. गप्प राहणं मला येत होतं. त्याला शाळा लागत नाही. सासरी मी सहा वर्षं त्याचीच तालीम केली होती.

दाढीसाठी कापूस आला करमाडहून. महिला संघातल्या कुणाच्या तरी शेजाऱ्यानं पिशवीभर दिला, सरकीसकट. मी खोलीत बसून सरकी काढली. बोटांना ती ओळखीची टोचणी लागली आणि सागाचं रान, आमचं दोन एकराचं वावर, आईचा ओटीत कापूस साठवत पुढं पुढं सरकणारा वाकलेला पाठीचा कणा, सगळं त्या बारा बाय दहाच्या खोलीत येऊन बसलं. कापसाला वास नसतो म्हणतात. असतो. उन्हात तापलेल्या मातीचा आणि वाळलेल्या पानाचा असतो, पण तो गावापासून लांब गेल्याशिवाय येत नाही. त्या दिवशी मी दाढी करता करता रडले. मग दाढी लावून आरशात पाहिलं आणि हसू आलं. रडलेले डोळे आणि खाली पांढरीशुभ्र दाढी. हुबेहूब आमच्या गावचा पाटील दिसत होते.

बाईंचं ते नाटक अजून आठवलं की एकटीला हसू फुटतं. नवरा मुका झाला म्हणून अलीशिबा झालेली सुवार्ता सिस्टर आधी कपाळावर हात मारून घ्यायची आणि मग प्रेक्षकांकडं वळून हळूच म्हणायची, "तीस वर्षं झाली लग्नाला. आज माझा बोलायचा नंबर लागला!" शेजारीण झालेल्या करुणाबाई दारातून डोकावायच्या. "अगं अलीशिबा, खरंच बोलत नाही? जेवणात मीठ कमी पडलं तरी नाही?" "नाय." "मग त्या देवळाचा पत्ता दे बाई, आमच्या ह्यांना उद्याच पाठवते!" आणि मी मधे उभी राहून हातवारे करायचे, मला देवदूत दिसला, मोठे पंख होते, असं. "कोंबडी म्हणताय का?" मी मान हलवायचे. "माश्या झाल्यात?" पुन्हा मान. "पोहायला जायचंय? अहो, या थंडीत?" मी कपाळ बडवून घ्यायचे. पाळकीणबाई देवदूत होती, ती स्टुलावर उभी राहून इतकी हसायची की तिचे पुठ्ठ्याचे पंख गळून पडायचे. तालमीत पहिल्यांदा माझ्या कपाळ बडवण्यावर सगळ्या बाया खळखळून हसल्या, तेव्हा मी दचकले. मग लक्षात आलं की त्या मला हसत नव्हत्या. मी त्यांना हसवत होते. या दोन्हीत किती अंतर आहे हे ज्याला आयुष्यभर हसलं गेलं त्यालाच कळतं.

आता माझी चूक सांगते.

बाईंनी प्रत्येकीला नाटकाची एकेक प्रत दिली होती. बाकीच्यांच्या प्रती हळदीचे डाग पडून, कोपरे दुमडून जुन्या झाल्या. माझी प्रत ट्रंकेत, साडीच्या घडीत, कोरी करकरीत. मुक्याला काय वाचायचंय? तालीम पहिल्या दोन प्रवेशांचीच चालली होती, शेवटचा प्रवेश बाई शेवटच्या आठवड्यासाठी ठेवायच्या. नाटकाला सहा दिवस राहिले आणि बाई म्हणाल्या, "आता बारशाचा प्रवेश. बाळ झालंय. सगळे म्हणतात बापाचं नाव ठेवा. जखऱ्या मान हलवतो. मग तो पाटी मागतो, पाटीवर लिहितो, 'पोराचं नाव योहान ठेवा', आणि पाटी लोकांना दाखवतो. लिहिलं की त्याची वाचा परत येते. ही घे पाटी, मालन."

काळी दगडी पाटी, लाकडी चौकटीची. बाईंच्या शाळेतली. मी ती दोन्ही हातांनी धरली आणि हॉलमधल्या सगळ्या चिमण्या एकदम ओरडायला लागल्या.

वाचणं टाळायला मुकी झाले आणि लिहिण्यापाशी येऊन पोचले. तेही खोलीत नाही, दीडशे माणसांपुढं. आणि पुढच्या रांगेत रेक्टरबाई बसणार, त्या याच चर्चच्या. सातवी पास मालन पाटीवर काय लिहिते ते बघायला.

त्या दिवशी तालीम झाल्यावर मी बाईंना म्हणाले, "मला गावी जावं लागंल. भाऊ आजारी हाय."

बाई पाटी पुसत होत्या. म्हणाल्या, "कितवीपासून आजारी आहे?"

मी सतरंजीची घडी घालायला लागले.

"मी विचारलं, कितवीपासून?"

"चौथी," मी म्हटलं. आणि इथं आल्यापासून पहिल्यांदा खरा आकडा तोंडातून बाहेर पडला.

"बरं. चौथी म्हणजे बाराखडी झालेली आहे. म्हणजे सामान घरात आहे, फक्त चूल पेटवायची. उद्या दीडला ये माझ्या ओट्यावर."

"बाई, कुणाला सांगू नका."

"कुणाला काय सांगू? जखऱ्याला लिहिता येत नाही म्हणून? येडी कुठली."

त्या पाच दुपारी. दीड ते तीन. बाईंच्या ओट्यावरचं ऊन, शेजारी वाळत टाकलेली मेथी आणि पाटीवर पेन्सिलीचा तो दात शिवशिवणारा आवाज. शब्द चारच होते, पण बाईंनी मला ते चार शब्द एकदम दिलेच नाहीत. आधी 'प'ची पोळी लाटायला लावली. "गोल लाटतेस ना रोज दीडशे? मग हा गोल वाकडा का? हात घाबरतोय, अक्षर नाही." माझा हात खरंच घाबरायचा. ओळ डावीकडून सरळ निघायची आणि उजवीकडं पोचेपर्यंत उतारावरून घरंगळायची. बाई पुसायला लावायच्या. पुन्हा. ओल्या फडक्यानं पुसा, पुन्हा लिहा. त्या कधी रागावल्या नाहीत, कधी शाबासही म्हणाल्या नाहीत. चौथ्या दिवशी फक्त म्हणाल्या, "ही ओळ पुसू नको. राहू दे संध्याकाळपर्यंत." मी पाटी खोलीत नेली. पोळ्या करून आले तरी ती ओळ तिथंच होती. घरात कुणीतरी आपली वाट बघत बसलेलं असावं तशी.

एकदा मी विचारलं, "बाई, देवानं त्या म्हाताऱ्याला एवढ्याशा चुकीची एवढी शिक्षा का केली?"

"शिक्षा?" बाईंनी मेथीची काडी मोडली. "नऊ महिने बायकोचं ऐकायला मिळालं त्याला. मला तर वाटतं मेहेरबानीच केली."

नाताळच्या आधीचा रविवार, संध्याकाळी पाच. चर्चमध्ये बाक भरलेले, मागं लोक उभे. धुपाचा नाही, मेणबत्त्यांचा आणि नव्या कपड्यांचा वास. पहिला प्रवेश झाला, दुसरा झाला. कोंबडीला लोक इतके हसले की करुणाबाईंना पुढचं वाक्य थांबवावं लागलं. पडद्यामागं आले तेव्हा दाढी घामानं हनुवटीला चिकटलेली आणि हातात पाटी. मला वाटलं, एकदा लिहून बघावं. फक्त एकदा, हात बसतोय का. लिहिलं. बरं आलं. मग पुसायला हवं होतं. घाईत मी पदराचं टोक माठात बुडवलं आणि पाटी खसाखसा पुसली, जशी ओट्यावर पुसायचे तशी. तिथं ऊन होतं. इथं नव्हतं, आणि मला तेवढं सुचलं नाही.

प्रवेश सुरू झाला. अलीशिबेच्या मांडीवर कापडाचं बाळ. "नाव काय ठेवायचं हो?" मी पाटी मागितली, मीच काखेत आणलेली पाटी मला दिली गेली, तिथंही लोक हसले. मी खाली बसले. लिहिलं. एक एक अक्षर, गोल पोळीसारखं. पेन्सिल घसरतेय असं वाटलं, पण मी थांबले नाही. चारही शब्द लिहिले. उठले आणि पाटी लोकांकडं केली.

कुणी हसलं नाही. कुणी वाचलंही नाही. सगळे नुसते बघत होते. मी मान वाकवून पाटी पाहिली. पाटी काळी. कोरी.

ओल्या पाटीवर पेन्सिल उमटत नाही हे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं. मला माहीत होतं. पण त्या क्षणी मला तेवढंच दिसलं जे मला आयुष्यभर वाटत आलं होतं, की माझं लिहिलेलं लिहिलेलं होतच नाही. पुढच्या रांगेत रेक्टरबाई. मागून एक पोरगं मोठ्यानं म्हणालं, "ह्याला लिहायलाच येत नाय!" आणि हशा झाला. बोलायचं नव्हतं आणि बोलता आलंही नसतं. दारातून डोकावणाऱ्या करुणाबाईंकडं मी पाहिलं. त्यांनी ओठ न हलवता हात थोडासा खाली दाबला. थांब. उभी रहा.

मी उभी राहिले. वर पंखा नव्हता, थंडीच होती, पण दारातून कोरडं वारं येत होतं. डिसेंबरातलं आपल्याकडचं, ओठ फोडणारं. आणि पाटीच्या वरच्या कोपऱ्यात काहीतरी धुरकट, मग करडं, मग पांढरं व्हायला लागलं. पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं चष्मा सारखा केला.

"पो..." तो म्हणाला.

"पो... रा..." दोघीचौघी म्हणाल्या.

मग सगळेच. पाटी वाळत होती तसतशी ती माणसं वाचत होती. अक्षर अक्षर लावत, अडखळत, पुढचं अक्षर येईपर्यंत थांबत. "पो... रा... चं... ना... व..." दीडशे शिकलीसवरली माणसं त्या संध्याकाळी अगदी माझ्यासारखी वाचत होती. रेक्टरबाईसुद्धा. शेवटचा शब्द उमटला तेव्हा चर्चभर टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, ही करामत नाटकातलीच.

आता जखऱ्याची वाचा परत यायची होती. त्या ठिकाणी बाईंनी वाक्य लिहिलंच नव्हतं. म्हणाल्या होत्या, तुला वाटेल ते बोल, मुका माणूस नऊ महिन्यांनी बोलतो तेव्हा पाठ केलेलं बोलत नाही. मी तोंड उघडलं. देवाचे आभार मानायचे होते. निघालं ते असं:

"बाई, दिसलं का?"

दारातल्या शेजारणीनं नाटक सोडून उत्तर दिलं. "दिसलं गं. सगळं दिसलं."

लोक पोट धरून हसले. मी दाढीच्या आत रडत होते, ते कुणाला दिसलं नाही. दाढीचा तो एक फायदा.

दुसऱ्या दिवशी रेक्टरबाई स्वयंपाकघरात आल्या. मी लाटणं खाली ठेवलं आणि कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं, "मॅडम, माझी सातवी नाय झाली. चौथीच."

"माहितीय," त्या म्हणाल्या. "सातवी झालेली बाई सही करताना जीभ बाहेर काढत नाही. अक्षर बरं आहे तुझं. उद्यापासून भाजीची यादी तू लिही."

तेव्हापासून ती यादी मीच लिहिते. अजून मिरच्या विसरते.

पुढची सहा नाटकं बाईंनी सांगितली आणि मी लिहून घेतली. जक्कय उंबराच्या झाडावर चढतो ते, मार्था आणि मरीयेच्या घरी पाहुणे येतात ते. बाई बोलायच्या, मी लिहायचे, मधेच त्या म्हणायच्या, "इथं लोक हसतील का गं?" आणि मला वाटायचं, मला विचारतायत. मला. हळूहळू त्या "काय म्हणालीस?" जास्त विचारायला लागल्या. मग टीव्ही मोठा झाला. मग दार वाजवलेलं ऐकू येईना. मागच्या उन्हाळ्यात मुलगा आला आणि त्यांना पुण्याला घेऊन गेला. जाताना त्यांनी नाटकांच्या वह्या आणि ती पाटी माझ्या खोलीत आणून ठेवली. "तुझ्याकडं राहू दे, तिकडं फ्लॅटमध्ये जागा नाही," म्हणाल्या. ज्या बाईंनी उभ्या आयुष्यात कुणाला जागा नाही म्हटलं नाही, त्या असं म्हणाल्या.

फोन करते. मी ओरडते, "बाई, मी मालन!" त्या म्हणतात, "हो, हो, जेवले." मी म्हणते, "तब्येत कशी आहे?" त्या म्हणतात, "अगं थंडी आहेच." दोन-तीन मिनिटं आम्ही अशा एकमेकींच्या शेजारून बोलत जातो आणि मग त्याच ठेवतात. फोन ठेवल्यावर खोलीत इतकं शांत वाटतं की नळाचं टपकणं बरं वाटतं. म्हणून आता मी त्यांना पत्रं लिहिते. त्यांची पोस्टकार्डं येतात, शहराचं नाव बदललं तरी पत्त्यात अजून औरंगाबादच. मागच्या कार्डात एकच ओळ होती. "इथल्या चर्चमध्ये नाटक झालं. लोक हसत होते. मीही हसले, का ते कळलं नाही."

ते कार्ड मी किती वेळा वाचलं. आता अडखळत नाही, पण त्या ओळीवर दर वेळी अडखळते.

इथं यंदा नाटक नाही. सुवार्ता सिस्टरची बदली झाली, पाळकसाहेब नवे आले. हॉलमध्ये पडदा लावून काहीतरी दाखवणार आहेत म्हणे. दुपारी तीन वाजले की मी तरी हॉलकडं जाऊन येते. कुलूप असतं. आत चिमण्या असतात. परत येऊन ट्रंक उघडते. साडीच्या घडीत ती दाढी आहे, थोडी पिवळी पडलेली. अजून तिला आमच्या वावराचा वास येतो. आणि आता बाईंच्या ओट्याचाही येतो, मेथीचा. माणसाला दोन गावं लांबची झाली की असं होत असावं.

बाई, हे पत्रात लिहिणार होते, ते इथंच लिहिते. या मुलींना सुट्टी आहे तोवर नाही जमलं तर उन्हाळ्याच्या सुट्टीत, पण मी पुण्याला येणार आहे. पत्ता तुमच्या अक्षरातला माझ्याजवळ आहे आणि गाडीवरच्या पाट्या मला आता वाचता येतात. येताना दाढी आणि पाटी आणीन. तुम्ही खुर्चीत बसा. मी तुमच्यापुढं जखऱ्या करीन, कोंबडी करीन, कपाळ बडवीन. त्या सोंगात ऐकायचं काहीच नाही. तुम्हाला सगळं कळेल आणि का हसलो तेही कळेल. आणि शेवटी पाटी ओल्या फडक्यानंच पुसीन, मुद्दाम. अक्षरं वर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ मी तुमच्यासमोर उभी राहीन.